सोपाऱ्याला मुक्काम करा

बुद्ध पौर्णिमा आली की नालासोपारा पश्चिमेला गाड्या लागतात. स्तूपाला वंदन, त्रिसरण-पंचशील, फोटो, आणि तासाभरात परतीचा प्रवास. धम्म सहलीच्या पत्रिकेत सोपारा बहुतेक वेळा दोन ठिकाणांच्या मधला थांबा असतो. वंदनेला आमचा विरोध नाही. पण ज्या गावाचे मोठेपणच मुळी परक्या माणसाच्या मुक्कामावर उभे होते, तिथे आपण मुक्काम करत नाही, हे आम्हाला खटकते.

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी सोपाऱ्याच्या परिसरात दोनांचे तुकडे मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावात 1956 साली सापडला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. योगायोग असा की दोन्ही लेखांत प्रवासाचा विषय आहे. आठवा लेख सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रा करत. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. या धम्मयात्रेत काय होते? श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, दान. आणि ग्रामीण जनतेला भेटणे, तिच्याशी धम्माची चर्चा करणे. नववा लेख आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक जे विधी करतात त्यांना कमी फळाचे ठरवतो. खरे मंगल कोणते, तर दास आणि सेवकांशी नीट वागणे! नारळ फोडून सहलीची बस सुटताना आम्ही पाहिली आहे. तिच्यात बसलेल्यांनी हा लेख जरूर वाचावा.

आता बंदराकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-पुस्तिकेत पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारपेठांमध्ये सुप्पाराचे नाव आहे. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोलाचा पुरावा नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत, दहाव्या क्रमांकाच्या विहारात कोरलेला आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि आपले सोपारा, या चार ठिकाणी त्याने चौसोपी निवारे आणि प्रवाशांसाठी आश्रयस्थाने बांधली. बागा, तळी, विहिरी केल्या. दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. याच उषवदाताने ब्राह्मणांना गावे आणि गायीही दिल्या आहेत, तेही त्याच लेखात आहे. तेव्हा त्याला ‘आपला’ ठरवण्याची घाई नको. मुद्दा एवढाच की त्या काळी व्यापारी गावाची गरज काय समजली जात होती, ते दगडावर लिहिले गेले: झोपायला छप्पर, प्यायला पाणी, ओलांडायला नाव.

या नोंदीशेजारी 1917 सालचे बडोदे ठेवा. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात उतरायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मग पुढची गाडी मिळेपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. पाण्याचे काय झाले ते 1927 च्या महाडला साऱ्या देशाने पाहिले. आज मुंबईच्या उपनगरांत भाड्याची खोली बघायला गेलेल्या आमच्या कार्यकर्त्याला आधी आडनाव विचारले जाते, नंतर मांसाहार, आणि शेवटी ‘खोली कालच गेली’ असे उत्तर येते. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या निवाऱ्यांकडे आम्ही केवळ पुरातत्त्व म्हणून बघू शकत नाही.

पण म्हणून जुने सोपारा सुवर्णयुग होते असे म्हणायचे का? नाही. ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथातली पूर्णाची कथा वाचा. कथा म्हणूनच वाचा, पण नीट वाचा. पूर्ण हा सोपाऱ्याच्या धनिक व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा. बापाच्या पश्चात वाटणी होते, तेव्हा दासीपुत्र म्हणून त्याला वाटा तर मिळत नाहीच, उलट मालमत्तेतली एक वस्तू म्हणून त्याचीच वाटणी होते. म्हणजे सोपाऱ्यात दास्य होते. पुढे हाच पूर्ण समुद्रव्यापारात नाव काढतो. एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी बुद्धवचने म्हणताना तो ऐकतो, चौकशी करतो, तथागतांकडे जातो, भिक्खू होतो. कोकणात धम्म कसा आला याची ही परंपरागत कथा आहे, आणि तिचा नायक बंदरावर वाढलेला दासीपुत्र आहे. उलट महाभारतात समुद्र मागे हटून शूर्पारक भूमी जमदग्निपुत्र परशुरामाला देतो. शाळेत आम्हाला परशुरामाची गोष्ट सांगितली गेली, पूर्णाची नाही.

स्तूपाला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो तो बुरूड. यावरून आम्ही कोणताही सिद्धांत मांडत नाही, पण अशोक विसरल्यावर लोकांनी त्या टेकाडाला राजा दिला तो बांबूकाम करणारा, हे लक्षात राहते. 1882 च्या उत्खननात तिथे दगडी करंडकात एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. सोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती. नाणे दुसऱ्या शतकातले, मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे इतक्या शतकांनंतरही कोणीतरी तो स्तूप उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा बंद केला होता. ही ठेव मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एक रात्र तरी राहायचे ठरवून या. सकाळी स्तूप, मग चक्रेश्वर तळ्याकाठची जुनी शिल्पे, दुपारी भुईगावचा किनारा. संध्याकाळी आपल्या वस्तीत बसून दोन्ही शिलालेखांचे मराठी भाषांतर मोठ्याने वाचा, आणि वस्तीतल्या आया-बायांना बोलते करा: गावातून इथे कशा आल्या, पहिली खोली कोणी दिली, पाणी कुठून भरले. दुसऱ्या दिवशी बोरिवलीची कान्हेरी लेणी. ज्यांना जमेल त्यांनी पावसाळ्यानंतर नाणेघाट चढावा. कोकणातून जुन्नरकडे जाणाऱ्या त्या व्यापारी वाटेवर पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांपैकी एका टाक्याच्या लेखात दात्याचे नाव गोविंददास असे आहे. त्याचा वर्ण तिथे लिहिलेला नाही. गाव लिहिले आहे, सोपारा.