नटी, भ्रूकुंस, स्त्रीपार्टी

नाटकातले शब्द आपण सहज वापरतो. ते कुठून आले हे पाहत नाही. 'नेपथ्य'च घ्या. आज त्याचा अर्थ रंगमंचावरची मांडणी. संस्कृतात मात्र नेपथ्य म्हणजे नटाचा वेष आणि पडद्यामागची वेष करण्याची जागा. कालिदासाच्या 'शाकुंतला'त सूत्रधार नेपथ्याकडे पाहून नटीला हाक मारतो : तयारी झाली असेल तर इकडे ये. ती येते, ग्रीष्मऋतूवर गाते आणि मग नाटक सुरू होतं. पहिलं गाणं बाईचं!

पुरुष तेव्हाही बाईचा वेष घेत. अशा नटाला 'भ्रूकुंस' म्हणत. पतंजलीच्या महाभाष्यात हा शब्द आहे. मला वाटतं, बायका स्वतःही काम करीत म्हणूनच त्याला निराळं नाव लागलं असावं.

मराठी रंगभूमीवर मात्र नटी हरवली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा बायकांची कामं पुरुषांकडेच होती. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, त्यातही शकुंतला पुरुषच. पुढे बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर त्यांची सुभद्रा झाले. इंग्रजी 'पार्ट'वरून शब्द निघाला 'पार्टी'. राजाचं काम करणारा राजापार्टी, बाईचं करणारा स्त्रीपार्टी. राजापार्टी खरा राजा नसतो. तशीच स्त्रीपार्टीही स्त्री नसायची.

त्या नटांची कला थोर होती, यात शंका नाही. माझी आजी बालगंधर्वांबद्दल बोलताना "काय चालायची बाई ती!" असंच म्हणायची. त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, अंबाडा घालायला घरोघरच्या बायका शिकल्या. पण त्याच घरातली मुलगी गळा असूनही रंगमंचावर गेली असती, तर तिचं लग्न जमलं नसतं. बाईचं रूप लोकांना चालत होतं, बाई चालत नव्हती.

हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढून बायकांना उभं केलं. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे आल्या. मग स्त्रीपार्टी हा शब्द हळूहळू मागे पडला. तो कुणी बंद केला नाही, त्याची गरजच उरली नाही.

आपल्या पंचकल्याणक सोहळ्यात तीर्थंकरमाता होऊन बाईच बसते, सोळा स्वप्नं सांगते आणि सारा समाज हात जोडून ऐकतो. तसाच आदर नाटकात उभ्या राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांनाही द्यायला काय हरकत आहे?