सिडच्या हाती किल्ल्या

माणसांचे दोनच प्रकार. नवीन आलं रे आलं की घेणारे, आणि 'आहे ते चालतंय ना?' असं विचारणारे. पुण्यात दुसऱ्या प्रकारची वस्ती अंमळ दाट. डेबियन नावाची फुकट मिळणारी संगणकप्रणाली मात्र दोघांनाही सांभाळून घेते. म्हणून तिची कुळकथा सांगण्याजोगी.

१९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्यानं ती सुरू केली. पुढं कारभार ब्रूस पेरेन्सकडे आला. हे गृहस्थ 'टॉय स्टोरी' काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला. झालं! प्रत्येक आवृत्तीचं बारसं त्या चित्रपटातल्या पात्रांवरून होऊ लागलं. १९९६ची 'बझ', २०२५ची 'ट्रिक्सी'. आणि जी आवृत्ती कायमच घडत असते, तिचं नाव 'सिड', म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा कारटा! इतका प्रामाणिकपणा आमच्याकडच्या दुकानांच्या पाट्यांतही सापडायचा नाही.

सिडमध्ये आलेला माल काही दिवस मुरतो. मोठा दोष निघाला नाही, तर 'टेस्टिंग'मध्ये जातो. मग सगळं गोठवून, घासूनपुसून 'स्टेबल' बाहेर पडते. केव्हा? तर तयार होईल तेव्हा. आमचा शिंपीही हेच सांगतो, पण त्याला कुणी तत्त्वज्ञान म्हणत नाही.

घाईचा प्रसादही या मंडळींना मिळालेला आहे. १९९५ साली एका सीडीविक्रेत्यानं अर्धीकच्ची आवृत्तीच '१.०' म्हणून विकली. ती धड सुरू होण्याचीही खात्री नव्हती. घोटाळा नको म्हणून तो आकडाच गाळला आणि १९९६ साली एकदम १.१ काढली. थोरला जन्मलाच नाही, धाकट्याचीच मुंज!

माझा पुतण्या मला म्हणतो, "काका, सरळ सिडवर या." येईन हो, पण परतीचं काय? नव्यावरून जुन्यावर उतरायची हमी डेबियन देत नाही. आणि माझ्या संगणकात वडिलांच्या आठवणींची दोनशे पानं आहेत, त्यांनी स्वतः टाइप केलेली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं, त्याच्या जिस्ट तंत्रानं संगणक मराठी बोलू लागला. १९९१ साली 'इस्की' हे मानकही झालं. तरी पुष्कळ फॉन्टवाल्यांनी आपापली चूल वेगळीच मांडली. त्यांतल्याच एका फॉन्टमध्ये ही पानं आहेत. ती उघडणारा जुना प्रोग्राम इथं कसाबसा तग धरून आहे. तो गेला की वडिलांच्या वाक्यांची इंग्रजी अक्षरांत भेळ होणार.

तेव्हा नवीन चांगलं की वाईट, हा प्रश्नच नव्हे. बिघडल्यास पुन्हा मिळणार नाही असं आत काय आहे, एवढंच पाहायचं. आधी रोज पाच पानं युनिकोडमध्ये उतरवायची आणि तीन ठिकाणी ठेवायची. तोवर सिडनं पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर खुशाल धुडगूस घालावा.

"काका, चाळीस दिवस लागतील!"

"तयार होईल तेव्हा," मी म्हटलं.