सकाळची सभा

आकाशवाणीच्या भाषेत सकाळच्या प्रक्षेपणाला 'सकाळची सभा' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. सभा म्हटली की माणसं जमली पाहिजेत, आणि आमच्या वाशीमकडे रेडिओ ऐकला जायचाही तसाच. सेट एका घरात, आवाज मात्र अख्ख्या गल्लीत.

या सभेचा क्रम ठरलेला असायचा. आधी संकेतधून. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर काउफमन यांनी ती १९३६ च्या सुमारास बांधली. मग वंदे मातरम्, भक्तिगीतं, ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या आणि साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं तर ते रेडिओवर लावायचं. "पुण्याच्या बातम्या लागल्या, अजून आंघोळ नाही झाली का बे तुही?" हे वाक्य त्या काळात ऐकलं नाही असा पोरगा आमच्याकडे सापडणार नाही. इतकी वर्षं रोज चाललेला दुसरा कार्यक्रम मला तरी आठवत नाही.

आता ही सभा आमच्यापर्यंत यायची कुठून? नागपूर केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ ला. तिथून मीडियम वेव्हवर, ५८५ किलोहर्ट्झवर, दोनशेहून जास्त किलोमीटर ओलांडून आवाज वाशीमला पोचायचा. परभणी त्या मानानं जवळ. मीडियम वेव्हची गंमत अशी, की रात्री तिच्या लहरी आकाशातल्या थरांवरून परावर्तित होऊन लांबवर जातात, आणि सूर्य वर आला की त्याच वातावरणात शोषल्या जातात. म्हणून दूरचं केंद्र पहाटे खणखणीत ऐकू यायचं आणि ऊन चढलं की खरखरायला लागायचं.

या सगळ्यात एक गोष्ट लहानपणी कधी खटकली नाही, आता खटकते. सभा सकाळची, पण आम्ही तिच्यात फक्त श्रोते. घरात वऱ्हाडी, तांड्यांवर गोरमाटी, आणि बातम्या प्रमाण मराठीत. 'वाशीम' हा शब्द बातम्यांत आला की बाबा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, तरी आवाज येतच राहिला तो बाहेरून.

बोलायचा हक्क मिळाला तो मात्र क्रिकेटमुळे! १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलं, की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरी दार उघडलं हळूहळूच. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांसाठी, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांसाठी. २००८ मध्ये साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत आणि शक्यतो त्यांच्याच बोलीत असावेत, असं सरकारी धोरणच सांगतं.

पण ताकद किती? १०० वॅट. पल्ला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर. मी सहज हिशेब केला. पंधरा किलोमीटरच्या वर्तुळात सातशे चौरस किलोमीटर बसतात. आमचा जिल्हा पाच हजारांच्या आसपास. म्हणजे निदान सात केंद्रं हवीत. तालुके आहेत सहा. तालुक्याला एक धरलं तरी निदान एक कमीच!

शिवाय या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. म्हणजे मोठ्या सभेची गरज संपत नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी तो थांबवावा लागला. लोकांना ७ वाजून ५ मिनिटांची सवय सोडायची नव्हती. मलाही नव्हती.

मला विचाराल तर दोन्ही हवं. पुण्याच्या बातम्या हव्यात, आणि त्या संपल्या की आपल्याच गावातल्या कुणाचा तरी आवाजही हवा. हवामान, परीक्षा, पाणीपुरवठा, यात्रा याबद्दल सांगायला या केंद्रांना मनाई नाही. नळाला आज पाणी येणार की उद्या, पोहरादेवीच्या यात्रेला जादा गाड्या कुठून सुटणार, एवढं जरी कुणी सकाळी वऱ्हाडीत सांगितलं, आणि मागून गोरमाटीत, तरी पुष्कळ झालं. ऐकणारे मग आपसूक बोलायला लागतील. वऱ्हाडात त्याची काही कमी नाही!