गहाण पडलेले आम्ल

घरी दही लावणाऱ्यांना दुग्धाम्लाची ओळख करून द्यायला नको. दह्यातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते फार साठले की त्यातच गुदमरून काम थांबवतात. (असे पुढारीही आम्ही पाहिले आहेत, पण तो विषय निराळा.) म्हणून कारखान्यात पिंपात चुना घालीत राहावे लागते. जंतूंचे काम चालू राहते. पण हाती येतो तो क्षार. आम्ल चुन्याकडे गहाण पडते. ते सोडवावे कसे?

स्वीडनचा औषधविक्या कार्ल शेले याने १७८० साली आंबट दुधातून दुग्धाम्ल आणि १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल वेगळे केले. लिंबाच्या बाबतीत त्याची युक्ती अशी : चुन्याचा क्षार खाली बसवून त्यावर गंधकाम्ल ओतावे. बलवान गंधकाम्ल चुना बळकावते, दुबळे आम्ल मोकळे होते. १८८१ साली अमेरिकेत लिटलटन येथे चार्ल्स एव्हरीने दुग्धाम्लाचा धंदा सुरू केला. पुढे शंभर वर्षे मुख्यतः चुना आणि गंधकाम्ल याच जोडीवर या धंद्याची भिस्त राहिली.

हिची दुसरी बाजू पुस्तकांत थोडीच येते. एक टन दुग्धाम्लामागे जवळजवळ तितकेच जिप्सम पडते. त्याला गिऱ्हाईक नसले तर ढीग वाढतो. आणि गंधकाम्ल ओतणारा कोणी माणूस असतो. एका कारखान्यात आमच्या सभासदांच्या सदऱ्यांना चाळणीसारखी भोके पडलेली आम्ही पाहिली. हातमोजे मागण्यासाठी आम्हांला अकरा दिवस फाटकापुढे बसावे लागले.

विजेने क्षार काढण्याची कल्पना जुनी आहे. १८९० सालीच मैग्रो आणि साबाते यांनी साखरेच्या रसासाठी ती योजली. पण टिकाऊ पडदे १९५० च्या सुमारास जूडा व मॅक्रे यांनी केले. त्यांतला एक पडदा धनभारित कणच जाऊ देतो, दुसरा ऋणभारितच. आपल्याकडे भावनगरच्या मीठ-संशोधन संस्थेने याच मार्गाने खारे पाणी गोडे करण्याचे काम केले. १९५६ साली फ्रिलेटने दोन्ही पडदे एकत्र चिकटवलेल्या जोडपडद्याचे वर्णन केले. वीज सोडली की त्याच्या सांध्यात पाणी दुभंगते. एका बाजूस आम्लाचा अंश निघतो, तो दुग्धाम्लाला मोकळे करतो. दुसऱ्या बाजूस कॉस्टिक सोडा तयार होतो. तो पुन्हा जंतूंच्या पिंपात! चुना वर्ज्यच करावा लागतो, कारण त्याचा थर पडद्यावर बसतो. गाळण आधी नीट करावी लागते. पडदे महाग आणि विजेचे बिलही जबर. तरी १९८० नंतर या यंत्रांनी कारखान्यांत पाय रोवला.

त्याच फाटकावर पुढे व्यवस्थापनाने आम्हांला अशा यंत्राचा नकाशा दाखवला. जिप्सम नाही, गंधकाम्ल नाही. आम्हांला तो आवडला, हे कबूल करतो. मग आम्ही विचारले : ओतणारे हात कोठे जाणार? उत्तर लेखी देऊ, असे ते म्हणाले. ते पत्र अजून आलेले नाही.