चार मीटरच्या आत : नाशिकच्या आखूड गाड्या

जपानमध्ये ‘केई’ म्हणजे छोट्या गाड्यांचा वर्ग १९४९ मध्ये सरकारी नियमाने जन्माला आला. ठरलेल्या लांबी-रुंदीत आणि ठरलेल्या सीसीत बसणाऱ्या गाडीला सवलती मिळू लागल्या आणि कारखान्यांनी त्या मापाला धरून गाड्या आखल्या. इंजिनाची मर्यादा १९५५ मध्ये ३६० सीसी झाली, १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६०. सुझुकीच्या अशाच एका छोट्या गाडीला ७९६ सीसीचे इंजिन बसवून डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० भारतात उतरली.

गाडी आली, तरी तिला घडवणारा नियम भारतात यायला आणखी बावीस वर्षे लागली. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. अट अशी की लांबी चार मीटरपेक्षा जास्त नको आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसी, डिझेलचे असेल तर १५०० सीसीच्या आत हवे. जपानी केईच्या मानाने ही मापे ऐसपैस होती. नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांना मात्र तीही तोकडी पडत होती.

तिथे बोलेरो आणि स्कॉर्पिओसारख्या दणकट गाड्या बनत. महिंद्र-रेनोची लोगन २००७ मध्ये इथूनच बाहेर पडली. तिचे डिझेल इंजिन १४६१ सीसीचे, म्हणजे मर्यादेत बसणारे, पण लांबी सव्वाचार मीटरच्या घरात. इंजिन नियमात आणि डिकी नियमाबाहेर, असा तो प्रकार होता. २०१० मध्ये रेनोचा हिस्सा महिंद्रने विकत घेतला, पुढच्या वर्षी गाडीचे नाव व्हेरिटो झाले आणि जून २०१३ मध्ये मागचा भाग कापून व्हेरिटो व्हाइब आली. लांबी ३९९१ मिलिमीटर. डी२, डी४ आणि डी६ अशी तिची तीन रूपे निघाली. गाडी ना धड सेदान दिसे, ना धड हॅचबॅक.

त्याआधीच्या वर्षी झायलोवर याहून मोठी शस्त्रक्रिया झाली होती. जानेवारी २००९ मध्ये आलेली झायलो साडेचार मीटरची, मोठ्या कुटुंबासाठी आणि टॅक्सीवाल्यांसाठी बनवलेली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिच्यापासून क्वांटो तयार झाली ती ३९८५ मिलिमीटरची. अर्ध्या मीटरहून अधिक लांबी गेली, पण पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २७६० मिलिमीटर तसेच राहिले. कात्री चालली ती मागच्या चाकांपलीकडे. तिथे समोरासमोर दोन घडीच्या सीट टाकून ‘सात जणांची गाडी’ हा दावा कसाबसा टिकवला. स्टेपनी मागच्या दाराला लटकली. इंजिन नवे होते : तीन सिलिंडर, १४९३ सीसी, १०० अश्वशक्ती. सुरुवातीची किंमत ५ लाख ८२ हजार रुपये होती. एवढ्या पैशांत एवढे इंजिन हा सौदा वाईट नव्हता, पण उंच आणि तुटक ठेवण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरली नाही. एप्रिल २०१६ मध्ये चेहरामोहरा बदलून तीच गाडी नुव्होस्पोर्ट या नावाने आली. तिचेही बस्तान बसले नाही.

बोलेरोची गोष्ट वेगळी. २००० पासून बनणारी ही चौकोनी गाडी ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीची. तिचे इंजिन २५२३ सीसीचे आणि लांबी ४१०७ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाबतीत ती नियमाबाहेर. २०१३ च्या अर्थसंकल्पात मोठ्या एसयूव्हींवरचे शुल्क २७ वरून ३० टक्के झाले आणि फरक आणखी जाणवू लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली ती ३९९५ मिलिमीटरची. ११२ मिलिमीटर मुख्यतः बंपरमधून काढले गेले. चौकोनी बांधा आणि चाकांमधले अंतर यांना हात लागला नाही. क्वांटोच्या कुळातलेच १४९३ सीसीचे इंजिन, सुमारे ७० अश्वशक्तीचे करून, बॉनेटखाली बसले. एसएलई, एसएलएक्स आणि झेडएलएक्स ही रूपे कायम राहिली. मार्च २०२० मध्ये बीएस-६ नियमांसाठी इंजिन सुधारले आणि रूपांची नावे बी४, बी६ अशी झाली.

तिन्ही गाड्यांत लांबी कमी करण्याची गरज एकच होती, पण रूप मोडून माप साधलेल्या दोन्ही गाड्या बाजारातून गेल्या आणि बेताने तासलेली बोलेरो टिकली. वस्तू व सेवा कर आल्यावरही चार मीटरची रेषा पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्या आतल्या छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर लागतो. बोलेरो १८ टक्क्यांत बसते, नाशिकचीच स्कॉर्पिओ ४० टक्क्यांत.