धुऱ्यावरचा मोह, नाल्याकाठचा मोह

गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले असे सांगतात. तसे असेल तर नाव ठेवणाऱ्याने मोहावर अन्यायच केला. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत फागुन सरता सरता बायामाणसे तांबडे फुटायच्या आत टोपल्या घेऊन निघतात, ती काही डिंकासाठी नव्हे. रात्री गळलेली पिवळसर, रसाळ फुले ऊन चढायच्या आत वेचायची आणि अंगणात वाळत घालायची.

वेचणाऱ्यांना सगळे मोह सारखे नसतात. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, एखादा गोड, नाल्याकाठचा भरघोस पण पाणचट, तिसरा एका वर्षाआड रुसणारा. धानाच्या बांध्यांसाठी जंगल तुटले तेव्हा मोह बहुधा राखला गेला. त्यातही कुऱ्हाड आधी न देणाऱ्या झाडावर पडली असणार. म्हणजे निवड पिढ्यान्‌पिढ्या चालूच होती. तिला शास्त्राचे नाव नव्हते, इतकेच.

सरकारला मात्र मोह एकच दिसला: दारूचा कच्चा माल. गोंदिया इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता (वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 ला). या प्रांतात भट्ट्यांचे ठेके लिलावाने जात. तिकडे मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे फुले गोळा करण्यावरच निर्बंध आले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन हवे होते, तेव्हा याच फुलांपासून ते काढण्याचा कारखाना नाशिकला उभारला गेला. बिया तेलासाठी युरोपात जात. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्याची छाया विदर्भातल्या मोहफुलावरही पडली. पोटासाठी वेचलेले फूल बाळगायला नियम आणि त्याच फुलाच्या दारूवर महसूल, हा व्यवहार कोणत्या डोक्यातून निघाला असेल! महाराष्ट्राने ही बंधने सैल केली ती 2021 मध्ये.

या साऱ्या उलाढालीत फूल मोजले गेले ते पोत्याने. कोणत्या झाडाचे, हे कोणी विचारले नाही.

तो प्रश्न फळझाडांच्या पैदासकारांचा. एक मोह दुसऱ्याच्या दुप्पट फुलतो. पण हा फरक रक्तातला की जागेचा? धुऱ्यावरच्या झाडाला मोकळे ऊन मिळते, बांधीतले पाणी मिळते. जंगलातले झाड गर्दीत उभे असते. आनुवंशिकता मोजणे म्हणजे झाडाझाडांतल्या फरकाचा किती वाटा वंशाचा आणि किती परिस्थितीचा, हे वेगळे काढणे. त्यासाठी निरनिराळ्या झाडांची रोपे एकाच जमिनीत, एकाच निगराणीखाली वाढवून पाहावी लागतात. फळझाडांत साधारणपणे फळाचे वजन किंवा गोडी हे गुण वंशाला अधिक धरून असतात. एकूण उत्पन्न मात्र पाऊस, वय, माती अशा दहा गोष्टींच्या तंत्राने चालते.

मोहाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो वटवाघळांचा. रात्री फुलांचा गर खायला ती या झाडावरून त्या झाडावर फिरतात आणि पराग सोबत नेतात. त्यामुळे गोड झाडाची बी लावली तरी बाप कोण, हे ठाऊक नसते. बियांपासून झालेल्या रोपांत दोन झाडे सारखी निघाली तर नवलच. शिवाय बी लावून फुलासाठी आठ-दहा वर्षे वाट पाहायची, ती वेगळीच.

यावर उतारा आंब्याचाच: कलम. निवडलेल्या झाडाची काडी बांधली की गुण जसाच्या तसा उतरतो, आणि फुलेही लवकर येतात. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या फळबाग संशोधन केंद्राने अशीच निवड करून ‘थार मधु’ ही मोहाची जात दिली. ती जात कोरड्या पट्ट्यातली. गोंदियाच्या पावसाळी धानपट्ट्यासाठी मातृवृक्ष इथल्याच शिवारांतून निवडायला हवेत. ते दाखवायला वेचणाऱ्या बायांइतके जाणकार दुसरे कोण?

त्यात वेळही फार नाही. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि त्या जाळात कोवळी रोपटीही जातात. उरलेल्या बिया तेलासाठी वेचल्या जातात. त्यामुळे अनेक धुऱ्यांवर म्हातारा मोह उभा दिसतो, पण त्याच्या सावलीत पोरसवदा मोह सापडत नाही.