शिवणयंत्रावरची धमनी

माझ्या आईने शिवणयंत्रावर आमचा संसार ओढला. पण मॅट्रिक झाल्यावर ही गोष्ट चारचौघांत सांगायची मला लाज वाटू लागली. ती लाज पुढे एका शस्त्रवैद्याच्या हकिकतीने घालवली.

अमेरिकेतले मायकेल डेबेकी हे ते गृहस्थ. लहानपणी तेही आईजवळच शिवण शिकले. १९५२ साली आर्थर वूरहीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या धमनीच्या जागी विन्यॉन कापडाच्या नळ्या बसवून दाखवल्या होत्या. डेबेकी ह्यूस्टनच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले. ते संपले होते. म्हणून त्यांनी डॅक्रॉन आणले आणि घरच्या यंत्रावर नळी शिवली. १९५४ साली तशी नळी रोग्याच्या शरीरात बसली. दैव असे, की नायलॉन शरीरात लवकर दुबळे होते, डॅक्रॉन टिकते.

खरी गंमत विणीत आहे. नळीला चुण्या पाडल्या, की ती वाकली तरी चेपत नाही. वीण मात्र छिद्रांची हवी. त्या छिद्रांत आधी रक्त साकळते, मग शरीराची ऊती शिरते आणि परके कापड आपलेसे करते. म्हणजे माणूस शिवतो ते अर्धेच; उरलेले शरीर शिवते.

हे ऐकायला आई उरली नाही. पण आता वर्गात कोणी विचारले, “गुरुजी, तुमच्या आई काय करत?” तर मी आवाज न उतरवता सांगतो, “शिवण!”